लेकीला ऑक्युपेशनल थेरपी शिकवू का?

भाऊ, नमस्कार.

दारव्हा तालुक्यातून आलेलं तुमचं पत्र मिळालं. चार एकर कोरडवाहू शेती, लेक बारावी सायन्सला, धाकट्या मुलाला सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूतल्या इजेमुळे हालचालींवर ताबा न राहणं. त्याला जिल्ह्याच्या डीईआयसीत (लहान मुलांतले दोष लवकर ओळखून उपचार करणाऱ्या सरकारी केंद्रात) नेताना ती सोबत यायची आणि तिथली ऑक्युपेशनल थेरपी पाहून आता ‘मला हेच शिकायचं आहे’ म्हणते. घरचे म्हणतात, नर्सिंग कर, लवकर नोकरी लागेल. हे काम नेमकं काय, खर्च झेपेल का आणि आपल्या भागात यावर पोट भरेल का, असं तुम्ही विचारलं आहे.

तुम्हीच लिहिलं आहे, की थेरपिस्टबाईंनी मुलाला पाय जमिनीला टेकतील अशा बुटक्या स्टुलावर बसवलं, चमच्याच्या दांडीला चिंधी गुंडाळली, ताटलीखाली ओलं फडकं ठेवलं आणि पुढच्या वेळी वरण घट्ट करून आणायला सांगितलं. ‘एवढ्यासाठी जिल्ह्याला जायचं का?’ असं तुम्हाला तेव्हा वाटलं होतं. भाऊ, त्यातली एकही गोष्ट उगाच केलेली नव्हती. पाय टेकले की शरीराचं धड स्थिर होतं आणि हात मोकळा होतो. जाड दांडी आखडलेल्या बोटांना धरता येते. ओल्या फडक्यावरून ताटली सरकत नाही आणि घट्ट वरण तोंडापर्यंत जाताना सांडत नाही. सेरेब्रल पाल्सी औषधाने जात नाही, पण आपल्या हाताने चार घास खाणारं पोर घरात वेगळंच वागू लागतं. ऑटिझम असलेलं मूल मिक्सरच्या आवाजाने कान झाकून पळतं, कुणाला सदऱ्याची बटणं लागत नाहीत, कुणाला पेन्सिल धरवत नाही. अशा मुलांना रोजचं जगणं जमावं यासाठीचं हे शास्त्र आहे. ते काही नवं फॅडही नाही. कमला निंबकर यांनी १९५० साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात याचं शिक्षण सुरू केलं. नागपूरला आपण सगळे ज्याला ‘मेडिकल’ म्हणतो, त्या शासकीय महाविद्यालयातही हा अभ्यासक्रम आहे.

तुमच्या लेकीजवळ यासाठीचं एक भांडवल आत्ताच आहे. शहरात वाढलेल्या थेरपिस्टला टेबल-खुर्चीवर जेवणारं घर माहीत असतं. तुमच्या लेकीला पाटावर मांडी घालून जेवणारं, विहिरीवर आंघोळ करणारं, कापूस वेचणीच्या दिवसांत सकाळीच कुलूप लावून शेतात जाणारं घर माहीत आहे. त्या दिवसांत आईबाप मुलाला घेऊन केंद्रावर येऊ शकत नाहीत, मग कागदावर ‘गैरहजर’ असा शेरा पडतो. जिला हे ठाऊक आहे, ती बांधावर करता येईल असा सराव देईल. तुरीच्या शेंगा सोलणं हा चिमटीचा आणि दोन्ही हातांच्या मेळाचा उत्तम व्यायाम आहे. (जे मूल हातातलं सगळं तोंडात घालतं, त्याच्यापुढे मात्र दाणे ठेवायचे नाहीत.) ग्रामीण विदर्भाला अशा मुलींची फार गरज आहे, हे मी अगदी मनापासून सांगतो.

मात्र लेकीशी एकदा स्पष्ट बोला. भावासाठी हा कोर्स करू नकोस, असं तिला सांगा. भावाची माया खरी, पण उद्या तिच्यासमोर रोज दुसऱ्यांची मुलं असतील. काही चावतील, काही महिनोन्महिने तिच्याकडे बघणारही नाहीत. जेमतेम दिसेल एवढी प्रगती व्हायला वर्ष लागतं. परीक्षा झाल्यावर तिला डीईआयसीत किंवा जवळच्या विशेष शाळेत परवानगी काढून काही दिवस नुसतं बसू द्या. परक्या मुलांबरोबर तिचा जीव रमला, तर पुढचं बोलू. आणि डिग्री झाली तरी धाकट्याची जन्मभराची जबाबदारी तिच्या एकटीच्या गळ्यात टाकू नका. तिलाही तिचं आयुष्य आहे.

प्रवेश नीट परीक्षेच्या गुणांवर, राज्याच्या सीईटी सेलमार्फत (प्रवेश प्रक्रिया चालवणाऱ्या यंत्रणेमार्फत) होतो. आपल्याकडची मुलं इथेच फसतात. एमबीबीएस मिळत नाही म्हटलं की पुढचा फॉर्मच भरत नाहीत. नीट झाल्यावर सीईटी सेलची नोंदणी वेगळी करावी लागते आणि त्यात हा पर्याय मुद्दाम निवडावा लागतो. कोर्स आतापर्यंत इंटर्नशिप धरून साडेचार वर्षांचा होता. थेरपिस्टसारख्या आरोग्य व्यावसायिकांसाठीच्या २०२१ च्या केंद्रीय कायद्यानंतर या क्षेत्राचे नियम बदलत आहेत, म्हणून कालावधी आणि अटी त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेतच बघा.

नोकरीचं खोटं आश्वासन देणार नाही. तालुक्याला सरकारी जागा जवळपास नाहीत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये सुरू झाला आणि त्यातून डीईआयसी उभी राहिली, पण तिथली पदं बहुतेक कंत्राटी असतात. म्हणून सुरुवातीची काही वर्षं नागपूर-अमरावतीला मुलांच्या खासगी सेंटरमध्ये हात बसवायचा, मग यवतमाळ किंवा दारव्ह्याला स्वतःचं केंद्र काढायचं, हा मार्ग मला जास्त भरवशाचा वाटतो. लवकर कमावणं भागच असेल, तर बारावीनंतर दोन वर्षांचा विशेष शिक्षणाचा डी.एड. आहे. तेही चांगलं काम आहे, पण काम वेगळं आहे, हे समजून घ्या. नर्सिंगला मी नावं ठेवत नाही. फक्त ज्या मुलीचं मन दुसरीकडे आहे, तिला तिकडे ढकलू नका.

खर्चाचं म्हणाल, तर शासकीय महाविद्यालयाची फी खासगीच्या मानाने बरीच कमी असते. जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल आणि प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून झाला असेल, तर व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ आहे. अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजनाही आहे. दोन्हींची चौकशी राज्याच्या महाडीबीटी संकेतस्थळावर करा.

धाकट्याचं यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) काढलं नसेल तर काढून घ्या आणि केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टच्या ‘निरामय’ विम्याचा अर्ज भरा. एक लाखापर्यंतच्या त्या विम्यात थेरपीचा खर्चही बसतो.

लेकीचा उत्पन्नाचा दाखला, आणि लागू असेल तर नॉन-क्रिमीलेयर व जात पडताळणी, यांचे अर्ज याच महिन्यात लावा. प्रवेशाच्या दिवसांत तहसीलला रांगा लागतात, आणि पडताळणीला वेळ जातो.