जंगलातल्या झाडांचे रोग जीनोमवरून ओळखतात, तसा आमच्या डाळिंबावरचा मर रोग ओळखता येईल का?

सांगोल्याकडे तुमची डाळिंबं उभ्या उभ्या वाळताहेत आणि परदेशात जंगलं मारणाऱ्या रोगांचा जीनोम (रोगजंतूचा संपूर्ण डीएनए) वाचतात त्याचा इथे काही उपयोग आहे का, असं तुम्ही विचारलंय. आहे. पण लागलेली मर थांबवण्यापेक्षा रोप घेण्याआधी तो जास्त आहे.

आमची बाग मोहोळ तालुक्यात. भगवा वाणाची डाळिंबाची झाडं आधी एका फांदीला पिवळी पडायची, मग फळांसकट वाळायची. वडिलांनी कधी सूत्रकृमी समजून, कधी फ्युजेरियम बुरशी समजून ड्रेंचिंग केलं, म्हणजे मुळाशी औषध ओतलं. मर ओळीने पुढे सरकतच राहिली. शेवटी मी एक झाड खणून मूळ आडवं कापलं, तर आत करडा-तपकिरी, चांदणीसारखा डाग. त्याच्या ढलप्या गाजराच्या दोन चकत्यांमध्ये ठेवून डबा बंद केला. आठवड्याभरात गाजरावर काळे ठिपके आले. भिंगाखाली पाहिलं तर प्रत्येकाला केसासारखी लांब मान आणि टोकावर मलईच्या रंगाचा थेंब. डबा उघडला की पिकल्या केळ्यासारखा वास. ती सेराटोसिस्टिस बुरशी होती.

गाजर इतकं सांगतं, पण ही नेमकी कोणती आणि आली कुठून, हे नाही सांगत. हवाई बेटांवर ओहियाची झाडं अशीच वाळत होती. २०१४ मध्ये सेराटोसिस्टिसवर बोट ठेवलं गेलं. डीएनए वाचल्यावर कळलं की या दोन वेगळ्या बुरशा आहेत. २०१८ मध्ये त्यांना वेगळी नावं मिळाली. एकीचं गोत लॅटिन अमेरिकेतलं, दुसरीचं आशिया-ऑस्ट्रेलियाकडचं. म्हणजे रोग दोन वाटांनी आत आला होता! युरोपात अ‍ॅशची झाडं मारणाऱ्या बुरशीचं उलट निघालं: तिथली सगळी पैदास पूर्व आशियातून आलेल्या जेमतेम दोन पूर्वजांची. एवढ्याशा शिरकावाने खंडभरची झाडं मेली, म्हणून रोपांच्या ने-आणीवरची तपासणी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते.

आपल्याकडे ही वाट गुटीची आहे, म्हणजे झाडाच्या फांदीलाच मुळं फोडून केलेल्या रोपांची. ज्या झाडावरून गुटी घेतात तो मातृवृक्ष वरून हिरवागार असतो आणि रोग आत असू शकतो. आमची रोपं लावण्याआधी कुणीच तपासली नव्हती, आम्हीही नाही. ती चूक मला अजून सलते.

प्रत्येक बागेतल्या बुरशीचा अख्खा जीनोम वाचायची मात्र गरज नाही. या बुरशीचा जीनोम डीएनएच्या साधारण ३ कोटी अक्षरांचा. जवळच्या बुरशांचे जीनोम शेजारी ठेवले की फक्त हिच्यातच असलेला तुकडा सापडतो, आणि त्यावर पीसीआर चाचणी (डीएनएचा तेवढाच तुकडा अनेक पटींनी वाढवून ओळखणारी) बेतता येते. एक अडचण आहे: मेलेल्या बुरशीचा डीएनएही चाचणीत दिसतो. गाजरावर मात्र जिवंत बुरशीच वाढते, म्हणून जोडीला गाजर ठेवाच.

नमुना पूर्ण वाळलेल्या झाडाचा घेऊ नका, त्यात इतर बुरशा घुसलेल्या असतात. नुकतं पिवळं पडू लागलेलं झाड निवडा आणि मुळाजवळचा, डाग आणि निरोगी लाकूड दोन्ही असलेला तुकडा घ्या. प्रत्येक झाडानंतर कोयता-कात्री निर्जंतुक करा, हा रोग हत्यारांवरूनही जातो. तुकडा प्लॅस्टिकमध्ये नको, कागदात गुंडाळा, वर झाडाचा ओळ-क्रमांक लिहा आणि उन्हात गाडीत न ठेवता त्याच दिवशी सोलापूरजवळच्या केगावच्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्रात दाखवा.