कॅल्शियम स्कोअर शून्य आला, म्हणून निर्धास्त राहावे का?

प्रश्न : मी ३७ वर्षांचा असून कासारवडवलीला राहतो आणि ऐरोलीतील एका कंपनीत दिवसभर संगणकासमोर बसून काम करतो. गेल्या दिवाळीत माझ्या सख्ख्या थोरल्या भावाला, वयाच्या ४२ व्या वर्षी, हृदयविकाराचा झटका आला व त्याची अँजिओप्लास्टी करावी लागली. त्या धास्तीने मी कॅल्शियम स्कोअर करून घेतला. तो शून्य आला आणि ‘आता दहा वर्षे बघायला नको’ असे मला सांगण्यात आले. मला काहीही त्रास नाही, दर रविवारी येऊरचा चढ न थांबता चढतो. एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) मात्र १५२ आहे. सीटी अँजिओग्राफीही करून घ्यावी का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : आधी हा शून्य नेमका कशाचा आहे ते समजून घेऊ. या तपासणीत इंजेक्शन न देता, ईसीजीच्या ठोक्यांशी जुळवून छातीचा सीटी स्कॅन काढतात आणि हृदयाच्या रक्तवाहिन्यांच्या भिंतीत साचलेला चुना, म्हणजेच कॅल्शियम, मोजतात. मोजणीची ही पद्धत डॉ. आर्थर अ‍ॅगॅटस्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० मध्ये मांडली, म्हणून तुमच्या रिपोर्टवर त्यांचे नाव छापलेले दिसेल. साठीच्या माणसाचा स्कोअर शून्य आला तर मलाही मनापासून आनंद होतो, कारण इतक्या वर्षांत चुना साचला नाही याला मोठा अर्थ असतो. पण तिशीत बहुतेकांचा स्कोअर शून्यच येतो. चरबीचा थर भिंतीत आधी साचतो, तो बरीच वर्षे मऊ असतो आणि चुना त्यात पुढे जमतो. हा मऊ थर कॅल्शियम स्कोअरमध्ये दिसतच नाही. पावसाळ्यात भिंतीला पोपडे धरण्याच्या कितीतरी आधी गिलाव्यामागे ओल मुरलेली असते, तसेच हे आहे. तरुण वयातला झटका पुष्कळदा असाच मऊ थर फुटून, त्यावर रक्ताची गुठळी धरल्याने येतो, आणि फुटण्याआधी त्या थराने वाहिनी फारशी अरुंद केलेली असतेच असे नाही. म्हणून ‘दहा वर्षे बघायला नको’ हे वाक्य ३७ वर्षांच्या आणि भावाला ४२ व्या वर्षी झटका आलेल्या माणसाला कोणी सांगू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

तरीही त्रास नसताना थेट सीटी अँजिओग्राफी, म्हणजे शिरेतून औषध देऊन हृदयाच्या रक्तवाहिन्यांचे आतून चित्र दाखवणारा सीटी स्कॅन, करा, असे मी म्हणणार नाही. वडील किंवा भाऊ यांना ५५ वर्षांच्या आत, आई किंवा बहीण यांना ६५ वर्षांच्या आत हृदयविकार झाला असेल तर घरात लवकरच्या हृदयविकाराचा इतिहास आहे असे आम्ही धरतो, आणि तुमच्या बाबतीत तो ठळक आहे. तेव्हा पहिले पाऊल रक्ततपासणीचे. लायपोप्रोटीन-ए हा रक्तातील कोलेस्टेरॉल वाहणारा एक कण आयुष्यात एकदा तपासा. त्याचे प्रमाण मुख्यतः आनुवंशिकतेने ठरते, नेहमीच्या लिपिड प्रोफाइलमध्ये ते नसते, आणि ते ५० मिलिग्रॅमच्या वर असेल तर धोका वाढलेला मानतात. एचबीए१सी (गेल्या तीन महिन्यांची सरासरी साखर), रक्तदाब आणि कमरेचा घेर हेही पाहा. तंबाखू किंवा सिगारेट असेल तर ती आजच बंद व्हायला हवी. भावाचे आणि आईवडिलांचे औषध सुरू होण्यापूर्वीचे एलडीएल किती होते तेही जुन्या कागदांतून शोधा, कारण घरात कोणाचे १९० च्या पुढे असेल तर आनुवंशिक कोलेस्टेरॉलचा विचार करावा लागतो.

५२ देशांत झालेल्या इंटरहार्ट अभ्यासात दक्षिण आशियातील लोकांना पहिला झटका सरासरी ५३ व्या वर्षी आल्याचे दिसले, तर इतरांना सुमारे ५९ व्या वर्षी. त्याच अभ्यासात असेही आढळले की हा फरक मुख्यतः कोलेस्टेरॉल, मधुमेह, तंबाखू, रक्तदाब अशा गोष्टी आपल्याकडे तरुण वयातच वाढलेल्या असल्यामुळे पडतो. या गोष्टी बदलता येतात, आणि तुमचे १५२ एलडीएल त्यांतलीच एक आहे. इतका इतिहास समोर असताना स्टॅटिन (कोलेस्टेरॉल कमी करणारी गोळी) सुरू करायचे की नाही, हा निर्णय सीटी अँजिओग्राफीशिवायही घेता येतो. रोजची गोळी घ्यायला तुमचे मन तयार नसेल, किंवा लायपोप्रोटीन-ए फार जास्त निघाले, तर मात्र आपल्या डॉक्टरांशी बसून सीटी अँजिओग्राफीचा विचार जरूर करावा. तेव्हा एक गोष्ट आधीच मनाशी ठरवून जा. समजा ५० टक्के अडथळा दिसला आणि ‘लगेच स्टेंट टाकून घ्या’ असा आग्रह झाला, तर थांबून दुसरे मत घ्या. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘इस्केमिया’ या नावाच्या संशोधन-अभ्यासात स्थिर हृदयविकाराचे (झटका चालू नसलेले) ५,१७९ रुग्ण होते. डाव्या मुख्य वाहिनीत मोठा अडथळा असलेले रुग्ण वगळले, तर आधी स्टेंट किंवा बायपास केल्याने मृत्यू वा झटके कमी झाले नाहीत, औषधांनीही तेवढेच साधले.

प्रश्न : माझा ईसीजी आणि २डी इको दोन्ही नॉर्मल आले आहेत. म्हणजे ब्लॉकेज नाही ना? (एक वाचक, कोपरी)

उत्तर : तसा अर्थ काढू नये. इकोमध्ये हृदयाचे स्नायू, झडपा आणि पंपाची ताकद दिसते. रक्तवाहिन्यांतील अडथळे त्यात दिसत नाहीत. विश्रांतीत काढलेला ईसीजी मोठा अडथळा असूनही नॉर्मल असू शकतो.

प्रश्न : मी ३९ वर्षांची शिक्षिका आहे, नेरूळला राहते. दोन महिन्यांपासून शाळेचे तीन जिने चढताना छातीवर दगड ठेवल्यासारखे वाटते, जबडाही दुखतो, थांबले की पाच मिनिटांत बरे वाटते. घरचे ॲसिडिटी म्हणतात. ट्रेडमिल टेस्ट केली, पण दमल्यामुळे मध्येच थांबवावी लागली आणि निष्कर्ष निघाला नाही. दुसऱ्या बाळंतपणात माझा रक्तदाब फार वाढला होता. (एक वाचक, नवी मुंबई)

उत्तर : ताई, तुमचे पत्र मी सर्वांत आधी वाचले, आणि हे छापून येईपर्यंत तुम्ही हृदयरोगतज्ज्ञांना भेटला असाल अशी मनापासून आशा आहे. चढताना येणारे आणि थांबल्यावर जाणारे दडपण वय पाहून झटकून टाकता येत नाही. गरोदरपणातला वाढलेला रक्तदाब पुढे हृदयविकाराचा धोका वाढवतो, म्हणून तो डॉक्टरांना न विसरता सांगा. ज्या तपासणीसाठी पहिल्या वाचकाला मी थांबायला सांगितले, तीच सीटी अँजिओग्राफी तुमच्यासाठी योग्य ठरेल असे मला वाटते. स्कॉटलंडमध्ये छातीत दुखणाऱ्या ४,१४६ रुग्णांवर झालेल्या अभ्यासात नेहमीच्या तपासण्यांना ही जोड मिळालेल्यांपैकी २.३ टक्क्यांना पाच वर्षांत झटका किंवा हृदयविकाराने मृत्यू आला, न मिळालेल्यांपैकी ३.९ टक्क्यांना. आजार नेमका कळल्यामुळे योग्य रुग्णांना योग्य औषधे सुरू झाली, हे त्यामागचे मोठे कारण मानले जाते.

तपासणीची भीती बाळगू नका. त्या दिवशी सकाळचा चहा-कॉफी टाळायला सांगतील, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारी रक्ततपासणी) आधी पाहतील. ठोके साठीच्या आसपास यावेत म्हणून एक गोळी देतात. दमा असेल तर हे आधीच सांगितले पाहिजे. जिभेखाली फवारा मारतात, त्याने डोके थोडे ठणकते. कोपराच्या शिरेतून आयोडीनयुक्त औषध जाते तेव्हा अंगभर गरम लाट पसरते, पुष्कळांना लघवी झाल्यासारखे वाटते. तसे काही झालेले नसते. मग सांगितल्यावर दहाएक सेकंद श्वास रोखायचा, एवढेच. गरोदर असण्याची शक्यता असेल किंवा पूर्वी अशा औषधाची ॲलर्जी झाली असेल तर आत जाण्याआधी बोला. किरणोत्सर्ग होतो, पण आधुनिक यंत्रावर तो साधारणपणे निसर्गातून एक-दोन वर्षांत मिळतो तेवढाच असतो, आणि तुमच्या लक्षणांपुढे ते मोल मला रास्त वाटते.

तोवर जिने चढू नका. मुख्याध्यापकांना सांगून तळमजल्यावरचे वर्ग मागून घ्या. दडपण बसल्या जागी आले, किंवा विश्रांतीने दहा मिनिटांत गेले नाही, तर स्कॅनची तारीख कधीची आहे याचा विचार न करता १०८ ला फोन करा.