नव्याने रुजू झालेल्या उपनिरीक्षकास

२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री गिरगाव चौपाटीवर तुकाराम ओंबळे यांच्या हाती लाठी होती आणि समोर एके-४७ होती. त्यांच्या धैर्यापुढे आपण नतमस्तक होतो. पण तयारीची उणीव धैर्याने भरून काढण्याची वेळ तुमच्या एकाही शिपायावर येऊ नये, यासाठी सराव असतो.

गोळीबार सुरू झाला की छाती धडधडते, नजर अरुंद होते, शेजारच्याची हाक ऐकू येत नाही आणि बोटे जड पडतात. त्यामुळे मैदानावर निवांतपणे नेम साधता येणे पुरेसे नाही. आधी धावा आणि धाप लागलेली असतानाच, अंधारात, बंदुकीची रिकामी मॅगझिन, म्हणजे गोळ्यांची पेटी, काढण्या-घालण्याचा सराव करा. घामाने निसटणाऱ्या अंगठ्याला मॅगझिन सोडवणारा खटका न पाहता सापडू लागला, तेव्हाच मला माझ्या हातांचा भरवसा वाटला. रक्तस्राव थांबवणारा पट्टा स्वतःच्या मांडीवर एका हाताने आवळण्याचा सराव बहुतेक जण टाळतात, आणि मला सर्वाधिक काळजी याचीच वाटते. चार आकडे मोजत श्वास घेण्याची व सोडण्याची सवयही आताच लावून घ्यावी.

प्रसंगानंतर झोप उडाली, तर ते वरिष्ठांपासून लपवू नका.