खर्रा, दारू आणि दहावीचा वर्ग

बेटा, अनेक आशीर्वाद.

दहावीच्या विज्ञानातला ‘सामाजिक आरोग्य’ हा धडा एका तासात न उरकता व्यसनाचा भाग सावकाश घ्यायचा म्हणतेस, हे वाचून फार बरं वाटलं. नववीच्या पोरापोरींनाही सोबत बसव. माहिती पुस्तकात आहेच. ती गळी कशी उतरवायची, तेवढंच लिहितो.

आधी हे, की घाबरवू नकोस. सडलेल्या जबड्यांचे फोटो आणि ‘एक खर्रा म्हणजे मरण’ (खर्रा म्हणजे सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून केलेली पुडी) असली वाक्यं फळ्यावर टिकतात, पोरांच्या मनात टिकत नाहीत. समोर बसलेल्या एखाद्याचा आजा जन्मभर तंबाखू खात आला आहे आणि आजही बांधीवर, म्हणजे धानाच्या शेतात, जातो. बाई खोटं सांगतात असं त्या पोराला एकदा वाटलं, की पुढं सांगितलेलं खरंही तो ऐकणार नाही. अमेरिकेत १९८३ साली लॉस एंजेलिसला ‘डेअर’ नावाचा कार्यक्रम सुरू झाला. गणवेशातले पोलीस वर्गात येऊन नशेबद्दल शिकवत. तो देशभर पसरला आणि १९९० च्या दशकातल्या अभ्यासांत दिसलं, की मुलांच्या नशा करण्या-न करण्यावर त्याचा परिणाम नगण्य होता. आपल्याकडचंच बघ. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे, तरी मोहाची दारू कुठं मिळते हे पोरांना विचारावं लागत नाही. म्हणून त्यांना जे दिसतं तिथूनच सुरुवात कर आणि ते तसं का घडतं, हे शिकव.

पहिल्या तासाला चिठ्ठ्या वाट. सगळ्यांना एकाच मापाचा कागद आणि पेन्सिल. चिठ्ठीवर अक्षर नको, फक्त खुणा, कारण वीस-पंचवीसांच्या वर्गात अक्षर लगेच ओळखू येतं. तीन ओळी तू आधीच छापून आण. गेल्या तीस दिवसांत मी खर्रा, तंबाखू, बिडी यांतलं काही घेतलं: हो की नाही. आपल्या वर्गातल्या दहांपैकी किती जण घेत असतील: एक ते दहापैकी एका आकड्याला गोल. आणि तिसरी ओळ, मला एक प्रश्न विचारायचा आहे: हो की नाही. प्रश्न नंतर वेगळ्या चिठ्ठीवर लिहून वर्गात ठेवलेल्या पेटीत टाकायचा. ज्याला प्रश्न नसेल त्यानंही कोरी चिठ्ठी टाकायचीच, म्हणजे कोण लिहितंय यावर कुणाची नजर जात नाही.

मोजणी वर्गात करू नकोस, घरी कर. बहुतेक ठिकाणी अंदाज खऱ्यापेक्षा बराच मोठा निघतो, कारण खाणारा पानठेल्यावर दिसतो आणि न खाणारा दिसत नाही. २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीत १३ ते १५ वयाच्या शाळकरी मुलांत तंबाखू घेणारे ८.५ टक्के होते. ‘सगळेच खातात’ हा समज आकड्यानं मोडला, की पोरांवरचं निम्मं दडपण उतरतं. पण तुझ्या वर्गात एक तृतीयांशाहून जास्त ‘हो’ आले, तर तो आकडा सांगू नकोस. तो ऐकून न खाणाऱ्यालाच आपण वेगळे आहोत असं वाटू लागेल. तेव्हा थेट दुसऱ्या तासाकडे वळ.

दुसरा तास हळद-चुन्याचा, आणि सगळ्यांत जास्त वेळ त्याला दे. आदल्या दिवशी पाव कप कोमट पाण्यात एक चहाचा चमचा हळद कालव, पांढऱ्या कागदाच्या पट्ट्या त्यात बुडव आणि सावलीत वाळव. वाटाण्याएवढा चुना अर्धा ग्लास पाण्यात ढवळून रात्रभर ठेव, वरची निवळी दुसऱ्या भांड्यात काढ. वर्गात पट्टीच्या एका टोकाला निवळीचा थेंब टाकला, की पिवळा रंग तांबडा होतो. त्यावर लिंबू पिळलं की पुन्हा पिवळा. आम्ल-आम्लारी नववीत झालेलं असतं, त्यामुळे त्यांना पटकन कळतं. प्रयोग दोन कारणांनी फसतो. हाताला साबण राहिला तरी पट्टी लाल होते, आणि हापशीचं पाणी फार क्षारयुक्त असेल तर साध्या पाण्यानंही किंचित रंग बदलतो. म्हणून एक पट्टी नुसत्या पाण्याची ठेव आणि हात आधी धुवायला लाव. तळाचा चुना पोरांच्या हाती देऊ नकोस. डोळ्यात उडालाच तर पंधरा मिनिटं पाण्याची धार धर आणि दवाखान्यात ने. खरा खर्रा किंवा तंबाखू मात्र वर्गात आणायचा नाही, दाखवायलासुद्धा नाही.

मग सांग, की तंबाखूतलं निकोटिन आम्लात असलं की त्याच्या कणावर विद्युतभार असतो आणि तो गालाच्या पातळ त्वचेतून सहज आत शिरत नाही. चुन्यानं तोंड आम्लारीधर्मी झालं, की भार जातो आणि निकोटिन भराभर रक्तात उतरतं. पन्नीत सुपारी, तंबाखू आणि चुना घोटतात, त्यात चुन्याचं हे काम आहे. रक्तातलं निकोटिन साधारण दोन तासांत निम्म्यावर येतं. ते उतरलं की चिडचिड होते, लक्ष लागत नाही, आणि पुढची पुडी घेतली की बरं वाटतं. पोराला वाटतं खर्र्यानं डोकं चालतं. प्रत्यक्षात खर्र्यानं लावलेली तगमग खर्राच तेवढ्यापुरती थांबवतो. हे वाक्य फळ्यावर लिही आणि त्यांच्याच शब्दांत परत लिहून घे.

‘तंबाखू नाही, नुसती गोड सुपारी आहे’ असं कुणीतरी म्हणेलच. सुपारी स्वतःच कर्करोग करते, जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं २००४ मध्ये तसं नोंदवलं आहे. त्याआधी गाल आतून ताठर होतो. पहिली खूण म्हणजे रोजचाच ठेचा अचानक झोंबायला लागतो. आपल्याकडचं पोर तिखट नको म्हणायला लागलं, तर तिकडे लक्ष दे. आरोग्य तपासणीच्या दिवशी सगळ्यांची तीन बोटांची चाचणी घे, मुलींचीही, कारण रोवणीच्या बांधीत खर्रा बायकांच्या ओट्यातही असतो. स्वतःच्या हाताची तर्जनी, मधलं बोट आणि अनामिका एकावर एक उभी धरून वरच्या-खालच्या पुढच्या दातांमध्ये बसतात का, ते पाहायचं. ज्याची बसत नाहीत त्याला तिथं काही बोलायचं नाही. नंतर पालकांना भेटून ग्रामीण रुग्णालयातल्या दातांच्या डॉक्टरकडे पाठव. ताठर झालेला गाल पूर्वीसारखा क्वचितच होतो, पण सुपारी सुटली की बिघाड पुढं जाणं बरंचसं थांबतं.

सवय कशी बनते, हे शिकवताना पाव्हलॉवचा कुत्रा आणि घंटा (घंटेनंतर रोज खायला मिळालं, की नुसत्या घंटेनंही त्याला लाळ सुटते) सांगून थांबू नकोस. जेवण झालं, एसटीचा थांबा आला, मित्र ठेल्यावर दिसला, की तल्लफ उठते. ज्याला सोडायचं आहे त्याला अशा तीन जागा लिहायला सांग आणि एका वेळी एकच बदलू दे. तल्लफ काही मिनिटांत ओसरते. तेवढा वेळ पाणी पिणं, बडीशेप चघळणं, तिथून चालू लागणं. पहिले दोन-तीन दिवस सगळ्यांत जड जातात, हे आधीच सांग, नाहीतर तिसऱ्या दिवशी तो स्वतःलाच नालायक ठरवतो. ली रॉबिन्स या संशोधक बाईंनी व्हिएतनाममधून परतलेल्या अमेरिकी सैनिकांचा अभ्यास केला होता. तिथं हेरॉइनच्या आहारी गेलेल्यांपैकी बहुतेकांनी घरी आल्यावर ते सोडून दिलं. जागा आणि सोबत यांत केवढा जोर असतो, हे त्यावरून दाखवता येतं.

नकाराचा सराव उभं राहून करून घे. आग्रह तू कर. पोरांना आग्रह करणाऱ्याची भूमिका देऊ नकोस, वर्ग हसतो आणि तेच संवाद पाठ होतात. ‘खाय ना बे, एका पुडीनं का होते?’ असं तीनदा म्हण. उत्तर प्रत्येक वेळी छोटंच हवं: ‘नाई, मले नाई पायजे.’ कारण सांगितलं की समोरचा ते खोडतो. तिसऱ्या नकारानंतर पाय हलले पाहिजेत.

दारूसाठी गणित मांड. क्वार्टर १८० मिलिलिटरची, त्यात ४२.८ टक्के अल्कोहोल, म्हणजे ७७ मिलिलिटर, वजनानं सुमारे ६१ ग्रॅम. यकृत तासाला साधारण ७ ते १० ग्रॅम निपटतं. रात्री अकराला घेतलेली क्वार्टर पहाटे पाच ते सकाळी आठपर्यंत अंगात राहते, आणि लिंबूपाण्यानं किंवा आंघोळीनं ती लवकर उतरत नाही.

वर्गात दारुड्या बापाची लेकरं बसलेली असतात, हे एका वाक्यापुरतंही विसरू नकोस. ‘बेवडा’ हा शब्द नको. बाप पितो त्यात लेकराचा दोष नाही, आणि पिऊन आलेल्या माणसाशी त्या वेळी वाद घालायचा नाही, बाटली ओतायची नाही, हे स्पष्ट सांग. रोज भरपूर पिणाऱ्याला शपथ घालून एका दिवसात बंद करायला लावणंही धोक्याचं आहे. पहिल्या दोन-तीन दिवसांत झटके येऊ शकतात, भ्रम होतो, जीव जाऊ शकतो. हात थरथरायला लागले, की थेट दवाखाना.

कुणी एकटं भेटायला आलं, तर ऐकण्याआधीच सांग, की जिवाला धोका असेल तेवढंच मला दुसऱ्याला सांगावं लागेल. हे नंबर वर्गात कायम लावून ठेव: तंबाखू सोडण्यासाठी १८००-११-२३५६, नशामुक्तीसाठी १४४४६, मनाच्या त्रासासाठी १४४१६, लहान मुलांसाठी १०९८.

शाळेच्या कुंपणापासून १०० यार्ड, म्हणजे सुमारे ९१ मीटरच्या आत तंबाखू विकायला २००३ च्या कायद्यानं मनाई आहे, आणि अठराच्या आतल्या कुणालाही विकायला कुठंच परवानगी नाही. अंतर मोजायला किंवा ठेल्याची माहिती काढायला पोरांना पाठवू नकोस. गावात कोण कुणाचा काका, हे तुला अजून ठाऊक नाही, आणि मार त्यांना पडेल. मुख्याध्यापक आणि शाळा व्यवस्थापन समितीच्या सहीनं पत्र दे, तोच विषय ग्रामसभेत घ्यायला लाव.

पोळा आणि त्याच्या दुसऱ्या दिवशीची कर यांच्या आधीच्या आठवड्यात दारूचा तास यायला हवा, तसं वेळापत्रक आत्ताच लावून घे. जी घरं मिरची तोडायला तेलंगणात जातात, त्यांची पोरं जानेवारीनंतर वर्गात नसतील, त्यामुळे नकाराचा सराव दिवाळीच्या सुट्टीआधी संपव. पेटी मात्र वर्षभर तिथंच राहू दे आणि दर शनिवारी उघड.