तुर्कस्तानात खेळाडू म्हणून गाजलेला आणि प्रशिक्षक म्हणूनही तेवढाच मोठा ठरलेला बास्केटबॉलपटू कोणता?

आपण एकच नाव विचारले आहे, तेव्हा मी उफुक सारिजा यांचे नाव घेईन. तुर्की प्रशिक्षकांत याहून अधिक चषक जिंकलेले लोक आहेत. पण मैदानावर देशाच्या बास्केटबॉलला नवी उंची देणाऱ्या संघात खेळून, पुढे कमी पैशांच्या एका क्लबला अजिंक्यपद मिळवून देणारा दुसरा माणूस मला दिसत नाही.

१९७२ साली जन्मलेले सारिजा नव्वदच्या दशकात इस्तंबूलच्या एफेस पिल्सेन संघाचे गार्ड, म्हणजे चेंडू खेळवत चाल रचणारे खेळाडू, होते. आयदिन ओर्स यांच्या मार्गदर्शनाखालील या संघाने १९९६ मध्ये युरोपीय क्लबांचा कोराच चषक जिंकला आणि युरोपीय चषक जिंकणारा तो तुर्कस्तानचा पहिला बास्केटबॉल संघ ठरला. अंतिम फेरी दोन सामन्यांची होती. इस्तंबूलमध्ये एफेसने इटलीच्या स्टेफानेल मिलानोला ७६-६८ असे हरवले, मिलानमध्ये ७०-७७ अशी हार पत्करली आणि एकूण गुणांत १४६-१४५, म्हणजे अवघ्या एका गुणाने, चषक आपल्याकडे ठेवला. पेटर नाउमोस्की आणि मिरसाद तुर्कजान हे गाजलेले खेळाडू याच संघात होते. हा एक गुण लक्षात असू द्यावा, कारण पुढे तो सारिजांच्या वाट्याला पुन्हा पुन्हा आला.

प्रशिक्षक म्हणून २०११ मध्ये एफेसचीच सूत्रे त्यांच्याकडे आली, परंतु तिथे त्यांना फार काळ मिळाला नाही. त्यांचे खरे काम २०१२ पासून इझमीर शहरातील कार्शियाका या वस्तीच्या क्लबमध्ये उभे राहिले. इझमीरच्या वाहनांच्या पाटीवरचा क्रमांक ३५ असताना 'आम्ही साडेपस्तीस' असे म्हणत आपले वेगळेपण अभिमानाने सांगणारी ही वस्ती आपल्या क्लबवर जीव टाकते. पहिल्याच हंगामात, २०१३ मध्ये, संघाने युरोचॅलेंज या युरोपीय क्लब स्पर्धेची अंतिम फेरी गाठली आणि इझमीरमध्येच, घरच्या प्रेक्षकांसमोर, रशियातील समाराच्या क्रास्निये क्रिल्या संघाकडून ७६-७७ असा सामना गमावला. अशा पराभवानंतर अनेक संघ विस्कटतात. कार्शियाकाने मात्र २०१४ मध्ये तुर्की चषक जिंकला आणि २०१५ मध्ये उपांत्य फेरीत प्रशिक्षक ओब्रादोविच यांच्या फेनरबाहचेला, तर अंतिम फेरीच्या मालिकेत प्रशिक्षक दुशान इव्कोविच यांच्या एफेसला ४-१ असे नमवून लीगचे अजिंक्यपद पटकावले. क्लबला ते १९८७ नंतर, २८ वर्षांनी, मिळत होते. युरोपातील दोन सर्वांत नावाजलेल्या प्रशिक्षकांना एकाच हंगामात मागे टाकणे ही माझ्या मते सारिजांच्या कारकिर्दीतील सर्वोच्च गोष्ट आहे. चणीने लहान पण कमालीचा चपळ असलेल्या बॉबी डिक्सनच्या हाती त्यांनी चेंडू निर्धास्तपणे सोपवला आणि अंतिम फेरीतील सर्वोत्तम खेळाडूचा मान त्यालाच मिळाला.

त्यानंतर इस्तंबूलच्या बेशिकताश क्लबला त्यांनी २०१७ मध्ये लीगच्या अंतिम फेरीपर्यंत नेले. राष्ट्रीय संघाची जबाबदारीही याच काळात त्यांच्याकडे होती. चीनमधील २०१९ च्या विश्वचषकात शांघाय येथे अमेरिकेविरुद्धचा सामना मला अजून विसरता येत नाही. निर्धारित वेळ संपायला सेकंदाचा दहावा हिस्सा उरला असताना अमेरिकेच्या टेटमला तीन फ्री थ्रो (फाउलबद्दल मिळणारे, कोणी न अडवता घ्यायचे एकेक गुणाचे फेक) मिळाले. त्यांपैकी दोन त्याने बास्केटमध्ये टाकले आणि सामना ८१-८१ असा अतिरिक्त वेळेत गेला. तिथे शेवटच्या काही सेकंदांत तुर्कस्तान ९२-९१ असा पुढे होता. दोउश बाल्बायचे दोन्ही फ्री थ्रो हुकले, चेंडू पुन्हा तुर्कस्तानकडेच आला, आणि मग जेदी ओस्मानचेही दोन्ही हुकले. चारांपैकी एक जरी पडला असता तरी इतिहास वेगळा झाला असता. अमेरिकेच्या मिडलटनने मात्र आपले दोन्ही बास्केटमध्ये टाकले आणि अमेरिका ९३-९२ अशी जिंकली. या पराभवाचा दोष प्रशिक्षकावर टाकणे मला न्याय्य वाटत नाही. एनबीए या अमेरिकेच्या व्यावसायिक लीगमधील खेळाडूंना शेवटच्या क्षणापर्यंत जखडून ठेवणारी योजना त्यांचीच होती. फ्री थ्रो रेषेवर उभ्या असलेल्या खेळाडूला मात्र कोणताही प्रशिक्षक मदत करू शकत नाही.

पुढे ते कार्शियाकाला परतले आणि २०२१ मध्ये रशियातील निझनी नोव्हगोरोद येथे याच क्लबला त्यांनी बास्केटबॉलच्या चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यात उतरवले. तो सामना स्पेनच्या सान पाब्लो बुर्गोसने ६४-५९ असा जिंकला.