व्हिंटेजमधलं ‘एज’ वयाचं नाही

प्रश्न असा आला आहे: “आजोबांची १९६८ सालची फियाट अजून चालू आहे, वरात तिच्यातूनच काढायची आहे. पत्रिकेत ‘विंटेज कार’ छापू की ‘व्हिंटेज कार’? आणि चांगला मराठी शब्द असेल तर तोही सांगा.”

ताई, वरात खुशाल काढा. पण हा शब्द गेली काही वर्षं माझ्या डोक्यात जातोय, त्यामुळे उत्तर जरा लांबणार. विंटेज पैठणी, विंटेज फ्रीज, फोटोवर पिवळट रंग ओतला की विंटेज फिल्टर. गेल्या महिन्यात एका मंगल कार्यालयाबाहेर पद्मिनी उभी होती. बोनेटवर झेंडूच्या माळा, डाव्या दाराची कडी सुतळीनं बांधलेली आणि मागच्या काचेवर थर्माकोलची अक्षरं: ‘विंटेज’. चालकाला विचारलं, मॉडेल कुठलं? “एटी-नाईनचं काका, फुल विंटेज!”

जुनं, दुर्मीळ, जुन्या धाटणीचं वगैरे अर्थ कुठल्याही कोशात सापडतील, त्यात मी वेळ घालवत नाही. मुद्दा असा की या शब्दात ‘जुनं’ कुठेच नाही. एका रविवार पुरवणीत एका स्तंभलेखकांनी ‘वाइन अधिक एज, म्हणजे वाइनचं वय’ अशी फोड ठोकून दिली होती. फोड सुबक आहे, पण साफ चूक आहे. लॅटिनमध्ये ‘विनम’ म्हणजे द्राक्षं किंवा त्यांची दारू आणि ‘देमेरे’ म्हणजे काढून घेणं. दोन्ही मिळून ‘विंदेमिया’, म्हणजे द्राक्षांची तोडणी. फ्रेंचांच्या तोंडी त्याचं ‘वांदांज’ झालं. तिथून तो इंग्रजीत आला, तेव्हा इंग्लंडात वाइन विकणाऱ्याला ‘व्हिंटनर’ म्हणतच होते. त्याच्या शेजाराने ‘व्हेंडेज’चं ‘व्हिंटेज’ झालं. शेपटीला जे ‘एज’ दिसतं ते झिजलेल्या ‘देमिया’चं उरलेलं टोक आहे. त्याला मागाहून ‘लगेज’, ‘व्हिलेज’ यांच्या रांगेत बसवलं गेलं. वयाचा त्यात काडीचा संबंध नाही.

असं होतं भाषेत. आपल्या ट्रकवाल्यांनी क्लीनरचा ‘किन्नर’ केलाच की. तो ऐकून कुणी देवलोकातल्या गायकांशी नातं जोडायला निघालं तर आपण हसू. पण इंग्रजी शब्द असला की पुरवणीत छापून येतं.

ही तोडणी युरोपात केवढी मोठी गोष्ट होती बघा. राज्यक्रांतीनंतर फ्रेंचांनी नवी दिनदर्शिका केली, तेव्हा वर्षाचा पहिला महिना सप्टेंबरअखेरीस सुरू होणारा, त्याचं नाव ‘वांदेमिएर’, तोडणीचा महिना. त्याच्याही कितीतरी आधीपासून कन्या राशीतल्या एका ताऱ्याला ‘विंदेमियात्रिक्स’ म्हणतात, म्हणजे द्राक्षं तोडणारी. तो पहाटे उगवताना दिसू लागला की मळ्यात उतरायचं. आपण मृगावर पेरतो, ते या ताऱ्यावर खुडत. आता पुढच्या वेळी कुणी विंटेज फ्रीज म्हणालं की मला हा तारा आठवणार आणि मी आणखी चिडणार.

तर व्हिंटेज म्हणजे एका सालची तोडणी, एका हंगामाचा माल. यंदाची द्राक्षंसुद्धा व्हिंटेजच. मग त्याला जुनेपणाचा वास कुठून लागला? पोर्तुगालच्या पोर्ट वाइनमुळे हे नीट कळतं. तिथं दरवर्षीच्या मालावर ‘व्हिंटेज’ असा शिक्का बसत नाही. हंगाम खरोखर उत्तम झाला तरच पिढीजात वाइनवाले ते साल जाहीर करतात, एरवी वेगवेगळ्या वर्षांचा माल एकत्र मिसळतात. १९२७ चं पोर्ट असंच गाजलेलं आहे. म्हणजे शब्द मोजतो ते सालाचं भाग्य. बाटली मागे ठेवून जुनी होते, हा नंतरचा योगायोग.

आणि आता मोटारी. मला जे सांगायचं आहे ते इथे आहे.

१९३४ साली इंग्लंडात ‘व्हिंटेज स्पोर्ट्स-कार क्लब’ निघाला. त्यांच्या लेखी व्हिंटेज गाडी म्हणजे पहिल्या महायुद्धानंतरची आणि १९३० अखेरपर्यंत बांधलेली. आता वजाबाकी करा. क्लब निघाला त्या वर्षी १९३० ची गाडी अवघी चार वर्षांची होती! चार वर्षांच्या गाडीला आपण ‘सेकंड हँड, फर्स्ट ओनर’ म्हणतो. त्या मंडळींना जुनी गाडी म्हणायचंच नव्हतं. त्यांचं म्हणणं वाइनवाल्यांसारखं होतं: तो हंगाम चांगला होता, पुढचा माल तसा नाही. मंदी आली होती. हौसेनं, हातानं घडवलेल्या गाड्यांच्या जागी स्वस्त, एका साच्यातल्या गाड्या येऊ लागल्या होत्या. या लोकांनी वेळीच साल जाहीर केलं, एवढंच. (१९०५ च्या आधीच्या गाड्यांना ते ‘व्हेटरन’ म्हणतात. लंडन ते ब्रायटन धावते ती त्यांची यात्रा. दर नोव्हेंबरला आपले पेपर तिला ‘व्हिंटेज रॅली’ म्हणून छापतात.)

हंगाम कसा होता, ते १९२७ या एकाच सालावरून दाखवतो. मार्चमध्ये इटलीत ब्रेशियाहून पहिली ‘मिल्ले मिलिया’ मोटारशर्यत सुटली आणि पहिले तीनही क्रमांक ब्रेशियातच बनणाऱ्या ओ. एम. गाड्यांनी घेतले. मे महिन्यात फोर्डच्या मॉडेल टीचं उत्पादन दीड कोटी गाड्यांनंतर थांबलं. जूनमध्ये जर्मनीत न्युर्बुर्गरिंग हा शर्यतीचा मार्ग खुला झाला आणि तिथली मोटारींची पहिली शर्यत काराचिओलानं मर्सिडीजवर मारली. फ्रेंच, स्पॅनिश, इटालियन आणि ब्रिटिश या चारही ग्रां प्री शर्यती रोबेर बनुआनं दीड लिटरच्या दलाज गाडीवर जिंकल्या. (ग्रां प्री. ‘ग्रँड प्रिक्स’ नव्हे. त्यावर वेगळं लिहावं लागेल, आज रक्तदाब सांभाळतो.)

आणि त्याच जूनमधलं फ्रान्सातलं ल मां, चोवीस तासांची शर्यत. शनिवारी अंधार पडता पडता मेझों ब्लांशच्या वळणावर इंग्लंडच्या बेंटली संघाच्या तीनही गाड्या एकमेकींवर आदळल्या. दोन तिथंच संपल्या. तिसरी सॅमी डेव्हिसची, तीन लिटरची, तीन नंबरची. पुढचा आस वाकलेला, एक हेडलाइट फुटलेला, मडगार्ड चेपलेलं. डेव्हिसनं ती तशीच पिटपर्यंत, म्हणजे दुरुस्तीच्या थांब्यापर्यंत आणली, जमेल तेवढी बांधाबांध केली आणि पुन्हा रस्त्यावर घातली. तो आणि त्याचा जोडीदार बेंजाफील्ड, जो पेशानं डॉक्टर होता, रात्रभर आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ती वाकडी गाडी हाकत राहिले आणि जिंकले. पुढे लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलात मेजवानी झाली, तेव्हा मानाची पाहुणी म्हणून ती गाडीच जेवणाच्या दालनात आणून उभी केली होती. या गाड्यांत अ‍ॅक्सिलरेटरचा पेडल मधोमध असे आणि गिअर बदलताना क्लच दोनदा दाबावा लागे. नवख्यानं घाई केली की आतून दळण दळल्यासारखा आवाज.

बेंटलीनं १९२८, २९ आणि ३० सालीही ल मां जिंकलं आणि १९३१ मध्ये कंपनी बुडाली. रोल्स-रॉइसनं ती विकत घेतली. क्लबवाल्यांनी १९३० ला रेघ का मारली, हे मला वेगळं सांगायची गरज वाटत नाही. याच हिशेबानं १९३४ पासून धावलेल्या मर्सिडीज आणि ऑटो युनियनच्या त्या प्रसिद्ध चंदेरी गाड्या व्हिंटेज ठरत नाहीत. ऐकून जर्मन गाड्यांचे भक्त दुखावतात. दुखावू देत. वेगानं त्या कैक पट सरस होत्या, पण हंगाम दुसरा.

आता आमचं केंद्र सरकार. २०२१ च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं उलटलेली आणि मूळ रूपात राखलेली कुठलीही दुचाकी किंवा चारचाकी व्हिंटेज. नंबरपाटीवर ‘व्हीए’ अक्षरंसुद्धा मिळतात. कायदा म्हणून सोयीचं आहे, भाषा म्हणून अडाणीपणाचं. पन्नास वर्षं झाली की द्राक्षं आपोआप गोड होतात, असं समजण्यासारखं आहे. तुमची फियाट या व्याख्येत बसते, हे मान्य. पण तशी नोंद केलीत तर नेहमीच्या वापराला ती रस्त्यावर काढता येणार नाही, तेवढं आधी पाहून घ्या.

मराठी शब्द विचारलात. ‘पुरातन मोटार’ म्हणजे उत्खननात सापडल्यासारखं वाटतं. ‘वारसा-वाहन’ हा शब्द सरकारी टेबलावर जन्मतो आणि तिथंच मरतो. मी बरीच वर्षं सांगत आलोय की आपल्याकडे नेमका शब्द तयार आहे: बहार. विदर्भातला संत्रेवाला ‘हा आंबिया बहाराचा माल, तो मृग बहाराचा’ असं म्हणतो, तेव्हा तो वय सांगत नसतो. कोणत्या फुलोऱ्याचं फळ, ते सांगत असतो. व्हिंटेज म्हणजे अगदी तेच. शिवाय ‘काय बहार आली!’ म्हणताना सालाचं भाग्यही त्याच शब्दात येतं. एकाच शब्दात हंगाम आणि दाद दोन्ही. इंग्रजीलाही हे द्राक्षं खुडून, तोडून-मोडून साधावं लागलं.

यावर एका भाषाशुद्धीवाल्या गृहस्थांनी मला सुनावलं होतं की बहार फारसी आहे, ‘आपला’ नाही. त्यांना सांगितलं ते इथेही सांगतो. फारसी ‘बहार’चं प्राचीन रूप ‘वाहर’. प्राचीन इराणी सम्राट दारयवौशच्या (डरायसच्या) बेहिस्तून शिलालेखात एका महिन्याचं नावच ‘थूरवाहर’ आहे. आपल्या सप्ताहाचा तिकडे ‘हफ्ता’ होतो, सिंधूचा ‘हिंदू’ होतो, तसा आपला ‘स’ तिकडे ‘ह’ झाला. ‘वाहर’ आणि ‘वसंत’ ही सख्खी भावंडं. म्हणजे वसंत शुद्ध आणि बहार परकी, असं म्हणणं म्हणजे एका आईची दोन लेकरं, त्यातलं एक आजोळी वाढलं म्हणून त्याला पंगतीतून उठवणं. गृहस्थ त्यानंतर बोलले नाहीत. म्हणून मी ‘बहारातली मोटार’ म्हणतो. अजून माझ्याशिवाय कुणी म्हणत नाही, पण माझी हरकत नाही.

गंमत म्हणजे, ज्यांना आपण भाषा बिघडवणारे म्हणतो त्या क्रिकेट समालोचकांनी हा शब्द सर्वांत नीट वापरला आहे. ‘व्हिंटेज धोनी’ म्हणजे म्हातारा धोनी नव्हे. ऐन बहारातला धोनी.

हो, तुमचा प्रश्न राहिलाच. इंग्रजी ‘व्ही’ला मराठीत ‘व्ह’: व्हॅन, व्हिडिओ, व्हायोलिन, म्हणून व्हिंटेज. ‘विंटेज’ हिंदीच्या वाटेनं आलंय. पण पत्रिकेत यातलं काहीच छापू नका. ‘वरात आजोबांच्या १९६८ च्या फियाटमधून निघेल’ असं छापा.