सुट्टी संपली, थकवा का संपला नाही?

"ताई, दिवाळीच्या सुट्टीत भरपूर झोपले, माहेरी राहून आले, तरी शाळा उघडायच्या आदल्या रात्री छातीत धडधडायला लागलं. मी आळशी झालेय का?" जिल्हा परिषदेच्या दोनशिक्षकी शाळेतील एका बाईंचा हा प्रश्न. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

त्यांना सर्वांत जास्त बोचत होते ते निराळेच. पूर्वी एखाद्या मुलाने स्वतःच्या मनाने चार ओळी लिहून आणल्या, की त्या सगळ्या वर्गाला कौतुकाने वाचून दाखवत. आता वही पुढे आली की मान वर न करता "ठेव तिथे" एवढेच म्हणत. अतोनात थकवा, कामाविषयी आणि माणसांविषयी आलेला कोरडेपणा आणि आपल्या हातून काहीच धड होत नाही ही भावना, अशी बर्नआउटची तीन अंगे मानसशास्त्रज्ञ क्रिस्टिना मासलाक यांनी मांडली आहेत. बाईंमध्ये तिन्ही दिसत होती. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बर्नआउटची व्याख्या करताना त्याला आजार म्हटले नाही. कामाच्या ठिकाणी दीर्घकाळ साचलेल्या, आटोक्यात न आलेल्या ताणाशी त्याचा संबंध जोडला. केवळ सुट्टीने ते का जात नाही, याचे उत्तर मला इथेच दिसते, कारण माणूस विश्रांती घेऊन पुन्हा त्याच घडीत परततो.

हिमोग्लोबिन आणि थायरॉइडची तपासणी आधी करून घेतली. नैराश्य नाही ना, हेही पाहिले. घरी, नातलगांत, आवडत्या गोष्टींतही मन लागत नसेल किंवा जगणे नकोसे वाटत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जायलाच हवे. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावरही मोफत बोलता येते.

मग आठवडाभराची कामे बाईंनी लिहून काढली. शिकवण्याने त्या दमत नव्हत्या. पोषण आहाराच्या नोंदी, मतदारयादीचे काम आणि ग्रुपवर रात्री येणारे "माहिती तातडीने भरा" हे निरोप त्यांना पोखरत होते. आपल्या कामाचा क्रम आपल्या हाती नसणे माणसाला कामाच्या ओझ्याइतकेच थकवते, असे माझे ठाम मत आहे. सहकारी शिक्षकांशी स्पष्ट बोलल्यावर पोषण आहाराच्या नोंदी दोघांत आलटूनपालटून ठरल्या, जेवणानंतर ग्रुप पाहणे बंद झाले आणि सकाळचा वाचनाचा तास कोणत्याही माहितीसाठी मोडायचा नाही, असे दोघांनी मिळून केंद्रप्रमुखांना कळवले.

झोप लवकर सुधारली. कोरडेपणा जायला मात्र कित्येक महिने लागले. मतदारयादीचे काम आजही त्यांच्याकडेच आहे, आणि त्यातून सुटका मिळावी म्हणून त्यांनी रीतसर अर्ज केला आहे.